उन्हाळ्याच्या ट्रेनिंगची दिवाळीपासून तयारी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपोआप साठतात आणि मग कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत एकदम बाहेर पडतात. आम्ही तिघं, म्हणजे मी सोनईचा, भाऊसाहेब कर्जतकडचा आणि सॅम्युअल खुद्द नगरचा, असे भेटलो की बायका आधीच ताटं उचलून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसतात. त्यांना ठाऊक असतं, आता ‘ट्रेनिंग’ निघणार!

बाहत्तर सालची, दुष्काळातली गोष्ट. नगरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी मेकॅनिकल, सॅम्युअल इलेक्ट्रिकल, भाऊ सिव्हिल. सावेडीला एक खोली घेतली होती. तेव्हा सावेडीत घरं कमी आणि शेतं जास्त. सॅम्युअलचं घर गावातच, पण तो अभ्यासाला म्हणून आमच्याकडे यायचा आणि झोपून जायचा.

*

दिवाळीची सुट्टी संपवून आलो, तर पहिल्याच दिवशी जोगळेकर सर तिन्ही शाखांच्या एकत्र तासाला येऊन म्हणाले, “उन्हाळ्याच्या सुट्टीत कारखान्यात किंवा खात्यात ट्रेनिंग करायचं आहे. ज्यांना करायचंय त्यांनी आत्ताच अर्ज पाठवा.”

वर्गात कुणाला काही कळेना. अंगात नुकते कुठे स्वेटर चढले होते. ट्रेनिंग म्हणजे नोकरी का? परीक्षा का? एकानं तर विचारलं, “सर, युनिफॉर्म मिळतो का?” त्याला वाटलं, होमगार्ड!

भाऊ उठला. “सर, उन्हाळा आला की उन्हाळ्याचं बघू की!”

सरांनी चष्मा काढला. “उन्हाळ्यात बघशील, तर तुला उन्हाळाच दिसेल!”

*

अर्ज इंग्रजीत पाहिजे होता. आमच्यात इंग्रजी फक्त सॅम्युअलला यायचं. त्याचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, घरात बायबलसुद्धा दोन भाषांत. त्यानं एका बैठकीत झोकदार अर्ज लिहिला. आम्ही दोघांनी तो समोर ठेवला आणि मान खाली घालून उतरवला. काना-मात्रा सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिन्ही अर्ज एकामागोमाग एक वाचले. मग आमच्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाचले.

“काय रे, तुम्ही तिघं भाऊ-भाऊ का?”

“न्हाई सर.”

“मग तिघांचे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक कसे?”

भाऊ प्रामाणिक माणूस. म्हणाला, “सर, घाईत वडील बदलायचे राहिले!”

*

वडील बदलून झाल्यावर सर म्हणाले, अर्ज टाईप करून आणा. टाईप करणारा माणूस आम्हाला एकाच ठिकाणी माहीत होता, कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली. माझा आणि भाऊचा अर्ज झाला, तेवढ्यात त्याला जेवायची वेळ झाली. सॅम्युअलचा कागद ठेवून घेऊन तो म्हणाला, “तुम्ही जा. इंग्रजी जरा कच्चं आहे, मी सुधारून टाकतो.”

सॅम्युअलचं इंग्रजी कच्चं! पण त्याला वाटलं, हा रोज साहेबांचं इंग्रजी टाईप करतो, याला जास्त कळत असणार. संध्याकाळी जाऊन अर्ज घेतला, न वाचताच पाकिटात घातला आणि पिंपरीच्या एका कारखान्याला धाडून दिला.

जानेवारीत भेटीला बोलावणं आलं. सॅम्युअल वडिलांचा कोट घालून गेला. त्याला एका खोलीत बसवलं. थोड्या वेळानं काळा कोट घातलेले एक गृहस्थ फाईल घेऊन आले.

“मी कंपनीचा वकील. तुमची तक्रार काय आहे?”

“तक्रार नाही सर. ट्रेनिंग पाहिजे.”

“नुकसानभरपाई म्हणून?”

सॅम्युअल गोंधळला. वकीलही गोंधळले. दोघांनी मिळून अर्ज वाचला. टाईपवाल्यानं सवयीनं सॅम्युअलला ‘अर्जदार’ आणि कंपनीला ‘सामनेवाले’ करून ठेवलं होतं. खाली विनंती होती की अर्जदारास न्याय मिळावा, आणि सामनेवाल्यांकडून खर्चही मिळावा!

वकील पोट धरून हसले आणि त्याला हाताला धरून मॅनेजरकडे घेऊन गेले. “साहेब, याला घेऊन टाका. कोर्टाबाहेर मिटतंय!”

*

मी साखर कारखान्याला अर्ज केला होता. आमच्याच भागातला, ओळखीतला. होकारही लगेच आला. ही बातमी सांगायला मी सोनईला गेलो. माझे चुलते तात्या ओट्यावर तंबाखू मळत होते.

“पगार किती?”

“पगार नाही, तात्या.”

“मंग काम काय?”

“काम पण नाही तसं. बघायचं. मशीन कसं चालतं ते.”

तात्यांचा अंगठा थांबला. “निस्तं बघायचं? आन् त्याला दिवाळीत अर्ज?”

“हो. आधीपासून ठरवावं लागतं.”

त्यांनी तंबाखू दाढेत सारली आणि माझ्या आईला हाक मारून म्हणाले, “वैनी, पोरगं फसलंय. आवो, तमाशाबी एवढं आदी सांगून बघावा लागत न्हाई!”

*

मे महिन्यात वळकटी घेऊन मी कारखान्याच्या फाटकाशी उतरलो. सगळीकडे चिडीचूप. धुराड्यातून धूर नाही, गाड्या नाहीत, बैल नाहीत. फाटकावरचा वॉचमन खुर्चीत मान टाकून झोपलेला.

“मी ट्रेनिंगला आलोय.”

“कारखाना बंद हाय.”

“पण माझं सहा महिन्यांपूर्वीच ठरलंय!”

“तुमचं ठरलं हुतं वो,” तो जांभई देत म्हणाला, “उसाचं कुठं ठरलं हुतं?”

उसाचं गळीत एरवीही मे उजाडायच्या आत आटपतं, आणि त्या दुष्काळात तर ऊसच नव्हता, त्यामुळे कधीच आटपलं होतं. दिवाळीपासून मी सगळी तयारी केली होती. कारखाना चालतो कधी, एवढंच विचारायचं राहिलं!

मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात चीफ इंजिनिअर सायकलवरून आले. माझी हकिकत ऐकली आणि म्हणाले, “चालू कारखाना पाहुण्यांना दाखवतात. तुला शिकायचंय ना? मग बरोबर वेळेला आलास. सगळं उघडून ठेवलंय. शिर आत!”

आणि खरंच शिरायला लावलं. बॉयलरच्या पोटात जाऊन काजळी खरवडली, गिअरचे दात घासले, बेअरिंगं रॉकेलनं धुतली. जे कॉलेजात फळ्यावर कधी कळलं नव्हतं, ते तिथं हाताला लागलं. सुट्टीच्या दिवशी घरी गेलो तर आईनं उंबऱ्यातच अडवलं. “साखरंच्या कारखान्यात गेल्तास ना रं? मंग कोळशाच्या खाणीतून कसा आलास?”

*

राहिला भाऊ. भाऊच्या एकाही अर्जाला उत्तर आलं नाही. आमचे होकार आले, संक्रांत झाली, होळी झाली, तरी रोज पोस्टमन आमच्या खोलीवरून सरळ पुढे जायचा. तिकडे कर्जतच्या बाजूला विहिरी आटल्या होत्या. भाऊचे आई-बाप दोघं दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला जात होते. भाऊ एक दिवस ट्रंक भरायला लागला.

“कुठं निघालास?”

“घरी. तिकडं मानसं दगडं फोडत्यात आन् मी हितं उत्तराची वाट बघत बसू? आपल्याला न्हाई जमायचं ते पुढचं ठरवनं.”

आम्ही पळत सरांकडे गेलो. सर आले, ट्रंकेवर बसले. म्हणाले, “दोन दिवस थांब. मी बांधकाम खात्यात जाऊन येतो.” ते खरोखर गेले, साहेबासमोर बसून राहिले, आणि भाऊची ट्रेनिंगची व्यवस्था करूनच उठले. जागा बघून भाऊला हसावं का रडावं कळेना. त्याच्याच गावाजवळचा, आई-बाप खडी फोडत होते तोच रस्ता!

भाऊ टेप घेऊन, डोक्याला हॅट घालून कामावर हजर झाला. हॅट सरांनी दिलेली. लोक त्याला लहानपणापासून ओळखणारे. “राम राम साहेब” म्हणायचे आणि तोंड फिरवून हसायचे. त्याची आई मात्र हसायची नाही. दिवसभर ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. पोराच्या साहेबकीला आपला धक्का नको, असं तिचं चाललेलं.

एके सकाळी मस्टर-कारकुनाचा घसा बसला. ओव्हरसिअर म्हणाले, “भाऊसाहेब, आज हजेरी तुम्ही घ्या.”

भाऊ एका दगडावर उभा राहिला आणि नावं पुकारू लागला. पुरुषांची झाली, मग बायांची सुरू झाली. एकेक बाई हातोडी न थांबवता “हाय” म्हणायची, की तो पुढे जायचा. आणि मग आईचं नाव आलं.

भाऊ थांबला. आमच्याकडे आईला नावानं कोण हाक मारतं? जन्मात ते नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

“वाचा की. थांबलात कशाला?” ओव्हरसिअर म्हणाले.

समोर त्याची आई, पदर कपाळापर्यंत ओढलेला, खाली मान घालून खडी फोडतेय. भाऊनं नाव वाचायला तोंड उघडलं. नाव निघेना. पुन्हा उघडलं. आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, “आई!”

हातोड्या थांबल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खडीच्या ढिगाआडून, सगळ्या बायांनी एकदम माना वर केल्या, आणि एका सुरात उत्तर आलं,

“ओ!”