फक्कीची रेघ

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, सकपाळ सरांजवळ तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

मी महाडला एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे, आणि बरीच वर्षं शालेय कबड्डीचा पंच. पंच म्हणून थोडंफार नाव आहे. नाव कशाचं, तर — सांगायला आता लाज वाटते — माझ्या गिरकीचं. खेळाडू बाद झाला की मी लांबलचक शिट्टी फुंकायचो, टाचेवर गर्रकन फिरायचो आणि हात अशा झोकात बाहेर टाकायचो की लोक टाळ्या वाजवायचे. मुंबईहून गावी आलेली मंडळी मोबाईल काढून उभी राहायची. सकपाळ सरांनी मला पंचगिरी शिकवली, ते मात्र आठ्या घालून म्हणायचे, "आधी नजर, मग शिट्टी, मग हात. तुला बघायला कोण आला नाय रे इथं." म्हातारा जुन्या वळणाचा, असं मी मनात म्हणायचो. पंचाला स्वतःची काही ढब असूच नये का? असावी, असं मला अजून वाटतं. पण नजरेच्या आधी ती यायला नको होती.

त्या दिवशी पोलादपूरला मुलींचा तालुक्याचा अंतिम सामना होता. थंडीचे दिवस, कलती दुपार. लाल धुरळा उन्हात इतका सावकाश तरंगत होता, की खाली बसायचं विसरलाय असं वाटावं. मागचे डोंगर पुसट, निळे. एवढी माणसं होती, पण आठवतं तेव्हा त्यातला एकही आवाज आठवत नाही. सगळं पाण्याच्या तळाशी चालल्यासारखं दिसतं — हळूहळू, लांबून.

प्रणाली आंबेनळीच्या रस्त्यावरच्या एका वाडीतली. दहावीला होती, रोज घाट पायी उतरून शाळेत यायची. जिंकणारा संघ जिल्ह्याला जाणार होता, आणि तिचं शाळेतलं ते शेवटचं वर्ष. गुण बरोबरीत. शेवटची चढाई तिची. तिने कोपऱ्यातल्या मुलीला स्पर्श केला आणि माझ्या बाजूच्या रेघेलगत वळली. पाय रेघेकडे आला — आणि मी गिरकी घेतली होती. तोंड मोबाईलांकडे. शिट्टी वाजत होती, हात बाहेर पडला होता. बाद!

तिचा पाय टेकताना मी पाहिलाच नाही. कळतंय ना?

मग खाली पाहिलं. कबड्डीच्या मैदानाची रेघ फक्कीची असते, चुन्याच्या पांढऱ्या भुकटीची. पाय पडला की ती मोडते. ही मोडली नव्हती. पायाचा ठसा आतल्या बाजूला होता, चांगला चार बोटं आत. "सर, आत हाय पाय! रेघ बघा ना," असं म्हणत प्रणाली मैत्रिणींना बोलवायला धावली.

निर्णय फिरवता येतो, नियमात तशी सोय आहे. सकपाळ सर मुख्य पंच होते, ते पलीकडून निघालेच होते. पण एवढ्या लोकांसमोर झोकात टाकलेला हात खाली घ्यायचा कसा? मी दोन पावलं पुढे गेलो, नीट बघायला गेल्यासारखा — आणि बूट ओढला. रेघेवरून, ठशावरून. एकदाच. फक्की आणि लाल माती एक झाली.

हे मी केलं. गिरकी घाईत झाली म्हणता येईल. बूट मी समजून उमजून ओढला.

सर आले, वाकले, मोडलेली रेघ बघितली. "पाय बाहेर होता, सर," मी म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला, आणि तिचा संघ हरला. प्रणाली मैत्रिणींना घेऊन आली तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं. ती रडली नाही, नुसती त्या मातीकडे बघत राहिली. माझ्या गिरकीचा व्हिडिओ पुढे आठवडाभर फिरला. त्यात मी छान दिसतो.

गेल्या हिवाळ्यात ती मला मैदानावर भेटली. आता तीच शाळेतल्या मुलींना कबड्डी शिकवते. संघ घेऊन आली होती. माझ्या पाया पडली — मी पाय मागे घेईपर्यंत उशीर झाला होता. मग मुलींना म्हणाली, "ह्या सरांशी वाद घालायचा नाय गो. मी घातलेला एकदा. माझाच पाय भायेर गेलेला, आन मला वाटलं आत हाय. मंग माझा माझ्या पायावर भरवसाच नाय रायला. खेळायचंच सोडलं मी."

हसत सांगत होती. मुली माझ्याकडे आदराने बघत होत्या. एवढ्या वर्षांनी बोलायला यापेक्षा सोपी जागा कोणती मिळणार होती?

मी मान डोलावली. "होतं असं," म्हणालो, आणि नाणेफेकीसाठी दोन्ही कर्णधारांना बोलावलं.