पांढऱ्या भांड्यातला रंग

धानाच्या रोवणीत रुक्माचा हात धरणारी बाई गोरेगावच्या आसपास नव्हती. तीच रुक्मा शेताच्या बांधीत, धुऱ्यावर मटकन बसू लागली, तेव्हा निदान करायला गावाला डॉक्टर लागला नाही. सिकल, रक्तातून पोराबाळांत उतरणारा आजार! पिवळे डोळे आणि धाप दिसली की इथे दुसरं नाव सुचतच नाही. तपासणीत सिकल निघाला नाही, पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? आईचं दुखणं पोरातही असणारच, असं म्हणत तिच्या मुलाची, टिकेशची, दोन स्थळं मोडली. रुक्माला स्वतःच्या दुखण्यापेक्षा तेच खात होतं.

डॉक्टर बदलले, रक्ताच्या बाटल्या चढल्या. प्रत्येक डॉक्टर विचारी, "लघवीचा रंग कसा?" ती मान खाली घालून म्हणे, "साजराच आहे जी." खोटं बोलत नव्हती बिचारी. दिवसा दिसे ती साफच असे. उजाडायच्या आत अंधारात गोदरीला, गावाबाहेर उघड्यावर, जाणाऱ्या बाईला सकाळचा रंग दिसणार तरी कसा?

२००८ साली हागणदारीमुक्तीच्या धडाक्यात अंगणात संडास आला. नवऱ्याने, डोमनलालने, त्यात गोवऱ्या रचल्या. अर्ध्या गावाने तेच केलं. पुढे रुक्माला गोदरीपर्यंत चालवेना, तेव्हा त्याने गोवऱ्या बाहेर काढल्या.

पहिल्याच सकाळी, उजाडल्यावर, पांढऱ्या भांड्यात कोऱ्या चहासारखं काळंतांबडं उतरलं. घाईघाईने पाणी ओतून ती गप्प बसली. रोज तेच. शेवटी एकदा पाणी ओतण्याआधीच ती चक्कर येऊन पडली आणि डोमनलालने ते पाहिलं.

"काऊन नाही सांगतलं वो?"

"असं कसं सांगू जी? लाज वाटते."

नागपूरच्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि नव्याने तपासण्या केल्या. तांबड्या पेशींचं संरक्षण गेलंय, शरीर आपल्याच पेशी फोडतंय, त्यांचाच रंग सकाळच्या लघवीत उतरतोय, लाखांत एखाद्याला होणारा आजार आहे, असं त्यांनी समजावलं.

रुक्माने एवढंच विचारलं, "माह्या पोराले होईल का जी?"

"नाही. हा जन्माचा आजार नाही. आईकडून मुलाला जात नाही."

तिने पदर तोंडाला लावला आणि ती हमसून हमसून रडली. डॉक्टर पुढे बोलतच होते. औषध परदेशात आहे, ते आपल्या आवाक्यातलं नाही. रक्त चढवत राहावं लागेल. कधी आत रक्ताची गाठ झाली तर जिवावर बेतेल. डोमनलाल नुसती मान हलवत होता.

बाहेर येताच ती म्हणाली, "त्या पोरीवाल्यांले निरोप धाडा. म्हना, पोट्टा साजरा आहे. लगन उन्हाळ्यात करू. मी सोता नाचतो!"

"हो, धाडतो," डोमनलाल म्हणाला. डॉक्टरांचं पुढचं बोलणं तिने ऐकलंच नव्हतं, आणि ते सांगायची त्याची हिंमत झाली नाही.