मुन्नीचं नाक

नातीचं वाहतं नाक पुसताना बोटांना शेंबूड लागला आणि पहिलीचा वर्ग आठवला.

आई मला मानिक चौकातल्या दुकानांच्या हिंदी पाट्या वाचायला लावायची, म्हणून मी वर्गात घडाघडा वाचायचे. मास्टरजींची पद्धत वेगळी. जो अडखळेल त्याचं नाक धरून, वाचता येणाऱ्याने त्याच्या थोबाडीत मारायची.

त्या दिवशी माझ्या शेजारी बसणारी मुन्नी अडखळली. "धीरे मारियो," ती पुटपुटली. तिला सर्दी होती. बोटांना लागलेल्या शेंबडाची मला इतकी शिसारी आली, की मी सणसणीत ठेवून दिली.

"शाबाश," मास्टरजी म्हणाले. घरी येऊन मी तीनदा हात धुतला.

आता नात मांडीवर पुस्तक घेऊन म्हणते, "आजी, शब्दावर बोट ठेव ना." मला माझ्या त्या हाताचीच किळस येते.