कोरडी जखम

जखम पारखण्यात मायाक्काचा हात धरणारं त्यांच्या धनगरवाड्यात कुणी नव्हतं. सांजेला मेंढरं वाडग्यात शिरताना ती एकेकाचा पाय चाचपायची. पू वाहत असला की मेंढरू बाजूला बांधायचं, जखम कोरडी असली की खुशाल आत सोडायचं. आईनं शिकवलेली ही रीत तिनं लहानपणापासून पाळली होती.

बहात्तरच्या दुष्काळानं मेंढरंच नेली. नवरा, बिरप्पा, सोलापूरजवळ दुष्काळी कामावर खडी फोडू लागला. रानात फिरलेला माणूस, दिवसभर उकिडवा बसून त्याची कंबर धरली. मायाक्कानं दुकानातून अंगदुखीच्या पांढऱ्या गोळ्या आणल्या. गोळी घेतली की बिरप्पा उठून कामाला लागायचा, म्हणून ती न चुकता आणत राहिली.

एके दिवशी खडीची कपची उडून त्याच्या नडगीत घुसली. मग ताप भरला, घसा असा आला की थुंकी गिळवेना. मायाक्कानं चिंधी सोडून पाहिलं. कातडी लालभडक, पण पुवाचा थेंब नाही. तिचा जीव भांड्यात पडला. शेजारची बजाबाई दवाखान्यात न्यायला सांगत होती.

"वल्ली असती तर नेलं असतं की," मायाक्का म्हणाली. "जखम कोरडी हाय." आणि तापावर तिनं आणखी एक गोळी दिली.

काय म्हणावं या शहाणपणाला! बिरप्पा हाकेला ओ देईना, तेव्हा खडीच्या ट्रकमधून त्याला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरांनी औषधं विचारली, तिनं पदराची गाठ सोडून गोळ्या दाखवल्या. त्यांनी एक गोळी हातात घेऊन नीट पाहिली. मग त्यांनी तिला समजेल असं सांगितलं. मांसात राखणीला बसलेल्या पेशी असतात. जंतू शिरले की त्या त्यांना धरतात आणि हाळी देतात. ती ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू गिळतात आणि तिथंच मरतात. पू म्हणजे बहुतेक त्यांचीच मढी. एखाद्याला या गोळ्या बाधतात आणि त्या धावून येणाऱ्या पेशीच संपतात. बिरप्पाच्या अंगात हाळी गेली होती, पण यायला कुणी उरलं नव्हतं.

"मंजी पू चांगला व्हता?" तिनं विचारलं.

"पू म्हणजे कुणीतरी लढतंय, बाई."

इंजेक्शनं दिली, पण फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बिरप्पा गेला.

पाऊसपाणी झाल्यावर तिचा भाऊ येडू दोन मेंढ्या घेऊन आला. एकीच्या खुरात काटा मोडून पू धरला होता. रीतीप्रमाणे तो तिला बाजूला ओढू लागला. मायाक्कानं त्याचा हात धरला, खाली बसून तो पू पदरानं पुसला, आणि तिला रडू आवरेना. येडूला काही कळेना.

"हिच्या मदतीला आल्यात रं," ती म्हणाली. "ह्यांच्या मदतीला कुणीच आलं न्हाय. अन् मी बगून खूश झाले."