रांगेतली हातभर जागा

आधीच कबूल करतो, मी भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानाचा जुना वाचक आहे आणि वाचक कसला, खोडसाळ वाचक. कुणाला पिंपळाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसली की 'साडी कुठल्या दुकानातली होती हो?' असं खाली विचारणारा तो मीच. भूतखेत, करणी, बाहेरचं... कशावरच माझा विश्वास नव्हता. आता आहे का? तेही धड सांगता येत नाही, आणि त्यानंच जिवाला स्वस्थता नाही. म्हणून लिहितोय. ज्यांची मी खेचली त्यांनी आता माझी खुशाल खेचावी.

मी मूळचा चितेगावचा, पैठण रोडवरच्या. शेती भाऊ बघतो. मी चिकलठाणा विमानतळावर एका विमान कंपनीत गेटवर काम करतो — कंपनीचं नाव सांगत नाही, नोकरी आहे. सात वर्षं झाली. विमानात बसायच्या आधी तुम्ही ज्याच्यावर चिडता, तो माणूस म्हणजे मी.

विमानात सोडायचा आमचा क्रम ठरलेला असतो. सगळ्यात आधी व्हीलचेअरवाले, साठीच्या पुढचे आणि कडेवर लेकरू असलेले. मग प्रायोरिटी लेन, म्हणजे ज्यांनी जास्तीचे पैसे भरले किंवा ज्यांच्याकडं कंपनीचं कार्ड आहे. त्यानंतर ग्रुप एक, दोन, तीन. हैदराबादला जाणारं आमचं विमान छोटं, पंख्याचं. त्याला चढायचं दार मागच्या बाजूला. म्हणून पुढच्या सीटवाले आधी आणि मागचे शेवटी, नाहीतर आत नुसती कोंडी होते. एवढी साधी गोष्ट, पण पटते कुणाला? घोषणा व्हायचा अवकाश, बसलेले सगळे उठून उभे. ग्रुप तीनचा माणूस प्रायोरिटीत घुसतो आणि पकडला की मोबाईल कानाला लावतो. रांगही अशी की पुढच्याच्या पाठीला मागच्याचं पोट. मध्ये हातभर जागा सुटली की तिथं तिसरा घुसलाच म्हणून समजा. ही जागेची गोष्ट लक्षात ठेवा.

मागच्या उन्हाळ्यातला दिवस. दुपारचं हैदराबाद विमान, चौसष्ट प्रवासी. काउंटरवर मी आणि पलीकडं काचेच्या दाराशी माझी सहकारी नसरीन. दारातून बाहेर पडायचं आणि उन्हातून चालत विमानापर्यंत जायचं.

मी पहिला पुकारा केला तशी एक बाई लगबगीनं पुढं आली. मळखाऊ रंगाचं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी, छातीशी प्लास्टिकची फाइल घट्ट धरलेली. पास बघितला. नाव गिरजाबाई, सीट सतरा सी, ग्रुप तीन. ओळखपत्रावरून वय छप्पन्न.

"मावशी, हा पुकारा साठीच्या वरच्यांचा आहे. तुम्ही मागं थांबा."

"दादा, लेकाला किडनी द्याया चालले मी," ती फाइल पुढं करत म्हणाली. "उद्या सकाळच्याला दवाखान्यात हजर व्हायचंय. आज इमान हुकलं तर तारीख जाती. डाक्टर म्हणला, दुसरी लवकर गावायची नाय."

"हुकत नाही. नंबर आला की बोलावतो ना." आणि मी हात आडवा केला, चौकातला पोलीस गाडी अडवतो तसा.

खरं सांगायचं तर अशा माणसाला आम्ही आधी सोडतो. कागद बघायचा आणि सोडायचं, एवढंच होतं. पण सकाळपासून तिघांशी तंटा झालेला, डोकं तापलेलं, आणि मला नियमाचा माज चढलेला. याची मला आजही लाज वाटते.

ती मुकाट खांबाशी जाऊन उभी राहिली. नातू कडेवर घेतलेली एक आजी गेली, प्रायोरिटीवाले गेले, ग्रुप एक आणि दोनही गेले. ग्रुप तीन पुकारल्याबरोबर ती सगळ्यांत पुढं आली आणि काउंटरच्या अलीकडं, हातभर अंतर सोडून थांबली. तिच्या मागं वीसेक माणसं. गेट बंद व्हायला बारा मिनिटं होती.

"चला मावशी, आला तुमचा नंबर."

ती जागची हलली नाही.

"या ना पुढं."

"म्होरलं हललं की येते ना," ती म्हणाली.

"पुढं कुणी नाही तुमच्या."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. मला वाटलं, पहिलाच प्रवास, घाबरली असेल. तिच्या मागं लॅपटॉपची बॅग अडकवलेला एक तरुण उभा होता, त्याला म्हटलं, तुम्ही बाजूनं पुढं या.

"असा कसा येऊ?" तो तडकलाच. "आधी त्या बाबांना घ्या की. मघापासून उभे आहेत."

"कुठले बाबा?"

"हे काय, घोंगडीवाले. तुम्हाला दिसत नाहीत का?"

त्याच्या मागची कॉलेजची मुलगी कानातला इअरफोन काढून म्हणाली, "काका, म्हातारं माणूस आहे ते. किती वेळ ताटकळत ठेवणार?"

आणखी मागून कुणीतरी 'काय माणुसकी आहे का नाही' वगैरे सुरू केलं. मी काउंटरसमोर बघत होतो. समोर फरशी होती, फरशीवर ट्यूबचा उजेड पडला होता, बाकी काही नाही. वीस जणांनी मिळून माझी गंमत चालवली आहे असं एकदा वाटून गेलं. पण ज्या रांगेत सख्खा भाऊ भावाला पुढं जाऊ देत नाही, त्या रांगेत हातभर जागा मोकळी होती आणि तिच्यात कुणी घुसत नव्हतं! माझ्या सात वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं.

नसरीन तरातरा आली. "क्या भाऊ, लाइन कायकू रुकी? उधर से पूछ रहे ना!"

"नसरीन, काउंटरच्या पुढं तुला कुणी दिसतंय?"

तिनं बघितलं. "मेरेकू? कोई नै है. नक्को मजाक करो, टाइम देखो."

म्हणजे मलाही दिसत नव्हता आणि तिलाही नाही. आम्ही दोघं रांगेच्या समोर होतो. हे लक्षात आलं आणि मी काउंटर सोडून, रांगेला वळसा घालून अगदी शेवटी जाऊन उभा राहिलो. तिथून पुढं बघितलं.

वीस डोकी. त्यांच्या पुढं गिरजाबाईचा पदर. आणि पदराच्या पुढं लाल फेटा. डाव्या खांद्यावर काळ्या घोंगडीची घडी, काठीवर भार टाकून एक पाय जरा सैल सोडलेला. पाठमोरा. मान हलत होती, श्वास घेताना खांदे वरखाली होत होते. काठी सिक्युरिटीतून आलीच कशी, हा माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार! नोकरी माणसाचं काय करून ठेवते बघा.

मी एक पाऊल बाजूला सरकलो, तर तिथं कुणी नाही. पुन्हा रांगेत आलो, तर तो आहे. असं मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा पुढच्या माणसाची बॅग धरूनच उभा राहिलो. मी भ्यायलो होतो, उगाच शूरपणा सांगत नाही.

गेट बंद व्हायला सहा मिनिटं उरली होती. बाकीच्यांचं काय, त्यांना उद्याची तिकिटं मिळाली असती, चार शिव्या मी खाल्ल्या असत्या. पण गिरजाबाईची तारीख गेली असती, आणि कदाचित तारखेबरोबर तिचा लेकही. आणि सुरुवातीलाच तिला सोडलं असतं, तर ही वेळच आली नसती. ती माझ्या आडव्या हातानं थांबली होती.

मी काउंटरवर परतलो. तिच्याजवळ वाकून हळूच विचारलं, "मावशी, पुढं कोण आहेत?"

"आमचं मालक."

"मग ते का थांबलेत?"

"तुमी हात आडवा केला ना मघाशी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, जणू उघड गोष्ट सांगत होती. "रानाचा धनी 'या' म्हणल्याबिगर ते बांध वलांडत नायत. उभ्या जल्मात कंदी वलांडला नाय."

ओळखपत्रावर पत्ता देवगाव रंगारीकडचा होता; ती मेंढपाळाच्या घरची, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आणि तिचं बोलणं मला समजलं, कारण मी शेतकऱ्याच्या घरचा. पीक निघालं की आमच्याकडं मेंढरांचे कळप येतात. खतासाठी शेतकरी त्यांना रात्रभर रानात बसवून घेतो. कळपाच्या पुढं एक माणूस चालतो. तो बांधाशी येऊन उभा राहतो, आवाज देत नाही, काही मागत नाही. रानाचा धनी जाऊन 'या' म्हणतो, मग तो पाय टाकतो. तोवर मेंढरू हलत नाही आणि मागची बायामाणसंही. आमचे आजोबा तर जेवणावरून उठून जायचे, पाहुण्याला ताटकळत ठेवू नये म्हणून. आणि मी काय केलं होतं?

मी रांगेच्या खांबाला अडकवलेला निळा पट्टा सोडला. समोरच्या मोकळ्या फरशीकडं बघून दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चुकलं माझं. या पाव्हणं, या. रान तुमचंच हाय."

कंपनीचा टाय लावून मी हे बोललो. कुणी हसलं नाही. नसरीन दाराशी तोंडावर हात ठेवून उभी होती.

काहीही झालं नाही. वारा सुटला नाही, दिवे फडफडले नाहीत, तुमच्या अनुभवांत असतो तसला गारवासुद्धा नाही. फक्त गिरजाबाईनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मी तिचा पास स्कॅन केला. ती दाराकडं निघाली, तेव्हाही पुढं हातभर जागा सोडूनच चालत होती. आणि तिच्या मागं बाकीची रांग पुन्हा नेहमीसारखी पाठीला पोट लावून आली, एकमेकांना ढकलत.

वाटलं, सुटलो. पाच मिनिटांत वॉकीटॉकीवर विमानातून विचारणा: तुमच्या यादीत चौसष्ट, आमच्या मोजणीत पासष्ट, हे कसं? हवाई सुंदरीनं पुन्हा मोजलं. पुन्हा पासष्ट. मी यादी तीनदा तपासली, चौसष्टच होते. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठून मोजताय?" म्हणाली, मागच्या दारातून. म्हटलं, "एकदा पुढं जाऊन, प्रवाशांकडं तोंड करून मोजा."

चौसष्ट भरले. विमान वेळेत उडालं.

मी नंतर विनंती करून कॅमेऱ्याचं चित्रण बघितलं. तो कॅमेरा माझ्या डोक्यावर, प्रवाशांकडं तोंड करून बसवलेला. त्यात मोकळी फरशी दिसते आणि तिला हात जोडणारा पाठमोरा मी दिसतो. एक मित्र म्हणतो, बाईच्या बोलण्याचा सगळ्यांच्या मनावर परिणाम झाला. असेल. पण त्या लॅपटॉपवाल्यानं घोंगडी सांगितली, तेव्हा ती बाई घोंगडीबद्दल अवाक्षर बोललेली नव्हती. नसरीन हा विषय काढू देत नाही. आणि मला तेव्हापासून कुठल्याही रांगेच्या शेवटी उभं राहवत नाही. बँकेत गेलो की बाजूच्या खुर्चीत बसतो, नंबर गेला तरी चालेल. किडनीचं काय झालं, हे विचारायला कुणाचा फोन नंबरही नव्हता माझ्याकडं. ते तर जास्तच छळायचं.

साडेतीन महिन्यांनी माझी ड्यूटी येणाऱ्या प्रवाशांच्या बाजूला होती. हैदराबादचं विमान उतरलं. काचेतून बघतो तर एक तरुण चालत येतोय, वाळलेला, तोंडाला मास्क, हळूहळू पाऊल टाकत. आणि त्याच्या अगदी टाचेला लागून गिरजाबाई.

मी धावतच गेलो. "मावशी, त्या दिवशी मी चुकलो."

"शेवटाला 'या' म्हणले की तुमी," ती म्हणाली. "झालं मग."

मुलाला काही कळेना, त्यानं ओळख विचारली. मी गेटवरचा माणूस आहे एवढंच सांगितलं आणि विचारलं, वडील कुठं असतात? तो म्हणाला, "अण्णा जाऊन वर्ष होईल. पहिल्यांदा त्यांचीच किडनी जुळली होती. तारीख निघाली होती, आईला म्हणाले, म्होरं मी जातो, तू मागून ये. आठ दिवस आधी सकाळी चहा पिता पिता गेले. मग आईच्या तपासण्या करण्यात एवढे महिने गेले."

तो बॅग घ्यायला पट्ट्याकडं वळला. मी तिला विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "मावशी, मग आज... मालक?"

तिनं लेकाच्या पाठीकडं बघितलं.

"त्यायचं काम झालं, दादा. आता म्होरं ह्यो हाय."

आणि ती त्याच्या मागं चालू लागली. मध्ये बोटभरही जागा नव्हती. सात वर्षं मी माणसांना पुढं-मागं करतोय, पण त्या दुपारी माझ्या काउंटरपुढं नेमकं कोण उभं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.