सुनेच्या स्पंजाला लागलेल्या मुंग्या

माझ्या सुनेचे सर फार शिकलेले. एवढे, की पाण्यात बुडवून ठेवलं म्हणजे धुतलं, असं त्यांना वाटायचं.

घनसावंगीला आमच्या घरी आली तेव्हा सून शहरातल्या कॉलेजात औषधांचं मोठं शिक्षण घेत होती. तिथं ती एक स्पंज बनवायची. मोडलेल्या हाडाच्या खड्ड्यात बसवायचा, त्याच्या भोकांतून हाड वाढायचं, अन् स्पंज आपोआप विरून जायचा. प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ रसायनात पातळ करायचा, त्यात साखर कालवायची, वाळला की पाण्यात टाकायचा. साखर विरघळली की तिच्या जागी भोकं. म्हणजे जाळीच की! पण सांगताना तिचा चेहरा असा, जणू जाळी म्हणजे काय हे मी पहिल्यांदाच ऐकून राह्यले. साखर मात्र माझ्याच डब्यातली, माझ्याच चाळणीनं चाळलेली.

दिवाळीच्या सुट्टीत ती तुकडे घेऊन आली. सुट्टी संपली की सरांना दाखवायचे. फसले तर विषय दुसऱ्याला देईन, अशी सरांची धमकी. दोन वर्षांची मेहनत पाण्यात. तुकडे ताटलीत ठेवून ती आंघोळीला गेली, परत आली तर मुंग्यांची रांग!

"पोरी, तुझ्या हाडाला मुंग्या लागल्या गं!"

"हसू नका, आत्या. चार दिवस पाण्यात होते."

"पाणी किती वेळा बदललं?"

"बिलकुल न्हाई. सर म्हणले, मधी हात लावू नका."

"धन्य तुझे सर! त्यांच्या घरी अनारसे होत न्हाईत का? तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. सगळी साखर त्याच पाण्यात बसली, तर आतली निघंल कशी?"

ती रडायला लागली. म्हणलं, रडून साखर निघत न्हाई, ऊठ.

मंग गाळलेल्या पाण्यात तुकडे टाकले. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. वाळवले अन् मुंग्यांच्या बिळापाशीच ठेवले, शेजारी चिमूटभर साखर. मुंग्यांनी साखर नेली, तुकड्यांकडं ढुंकूनही पाह्यलं न्हाई.

सुट्टी संपल्यावर सरांनी बारीक गोष्टी मोठ्या दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली पाहून नमुना पास केला. काय बदललं ते तिनं सांगितलं, तर म्हणाले, "मी तेच सांगत होतो." विषय तिचाच राहिला, पदवीही मिळाली. सरांच्या लेखात 'पाणी ठरावीक वेळाने बदलले' असं छापून आलं. अनारसे न्हाईत, मुंग्या न्हाईत.

सुनेच्या हाती सरांसाठी अनारशाचा डबा दिला होता. सर म्हणाले म्हणे, "जाळी छान पडली आहे." बरं झालं, खायची तरी ओळखता येते.