खेकड्याने कात टाकली

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सुरतेला एम.एस्सी. करत होते, प्राणिशास्त्रात. डुमसच्या खाडीतून कॉलेजात आणलेले खेकडे एकेक करून मरू लागले, म्हणून एक मेलेला मी उघडून बघितला. खेकड्याचे कल्ले मऊ पिसांसारखे असतात. त्या पिसांत देठावर उभे असलेले, काचेसारखे इवले जीव दाटीवाटीने चिकटले होते! मी ओरडलेच. आमच्या मॅडम धावत आल्या.

"अरे वाह, बार्नेकल छे!" त्या गुजरातीत म्हणाल्या आणि मग समजावू लागल्या. हे जीव खेकड्याचं रक्त पीत नाहीत, नुसते चिकटून वाढतात. पण त्यांच्या गर्दीने कल्ल्यांवरून वाहणारं पाणी अडतं आणि खेकड्याला श्वास पुरत नाही.

"मग हा शेवटचा उरलेलाही मरणार?" मी टबाकडे बोट दाखवलं.

"कात टाकली तर जगेल. जुन्या कवचाबरोबर तेही जातील. पण तेवढा दम त्याच्यात हवा ना!"

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं. मी खेकडा आणि खाडीच्या पाण्याचे कॅन सुरतेतच, डिंडोलीला घरी आणले आणि टब मोरीत मांडला. आईने पदर नाकाला लावला. "माय वं! हाई काय शे?" असं तिच्या अहिराणीत म्हणत ती मोरीपासून चार हात लांब उभी राहिली.

खेकड्याची अवस्था बिकट होती. तो सारखा दगडावर चढून बसे, तोंडातून फेस काढी. मी पाणी बदलत राहिले. पुढे त्याने खाणंही सोडलं, तेव्हा मी आशाच सोडली.

एका सकाळी मोरीतून आईची हाक आली, "ये पोरी, पय लवकर! एकना दोन व्हई ग्यात!"

मी धावले. टबात खरोखरच दोन खेकडे दिसत होते. एक जागचा हलत नव्हता, पोकळ होता. त्याच्या मागच्या फटीतून दुसरा आपला शेवटचा पाय सोडवत होता, ओला, लिबलिबीत, त्याच्याहून मोठा! आम्ही दोघी टबावर वाकलो. पाय सुटला तशी आईने टाळीच वाजवली.

पोकळ कवच मी अलगद उचललं. कल्ल्यांचीही पातळ कात आत तशीच राहिली होती. भिंगातून बघितलं, तर सगळे बार्नेकल तिलाच चिकटलेले! "माय, हे बघ, हेच त्याचा जीव घेत होते!" मी भिंग तिच्या हातात कोंबलं. तिने एक डोळा मिटून कितीतरी वेळ पाहिलं.

"आते तेले दम लागाव नही ना?" तिने विचारलं.

त्याला दम लागला नाही. कवच टणक झालं तसा तो कोळंबीवर तुटून पडू लागला, मला एकदा चिमटाही काढला. सुट्टी संपायच्या आत आम्ही मायलेकी त्याला घेऊन डुमसला गेलो. काळ्या वाळूवर टब कलता करताच तो तिरका पळत सुटला, आणि त्याच्यामागे चपला हातात घेऊन, हसत, पाण्यापर्यंत माझी आई.